डेबियन तसाच ठेवून नवं पॅकेज कसं घ्यायचं? : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर आली आहेत. संगणकावर डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींची स्थिर आवृत्ती आहे, ती बदलायची नाही, पण एखादं सॉफ्टवेअर, म्हणजेच त्याचं बसवायला तयार बांधलेलं पॅकेज, मात्र नवं हवं आहे. निवडक प्रश्न थोडक्यात आणि उत्तरं सविस्तर देत आहोत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. 'सुडो' ने सुरू होणारी आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालते. जिथे रेघ किंवा तिरकी रेघ आहे तिथे तीच द्यायची, आणि जागा सोडली नसेल तर सोडायची नाही.

प्रश्न : आमच्या छापखान्यात तीन संगणकांवर डेबियन १२ आहे. गिंप (चित्रं सुधारायचा प्रोग्रॅम) अजून २.१० वरच अडकलंय. एक तंत्रज्ञ म्हणाला, इतकं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे हॅकरला आमंत्रणच. खरं आहे का? (गिरगाव)

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून आधी तोच दूर करू. डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, १० जून २०२३ रोजी आलं. त्यातल्या पॅकेजचे आवृत्ती क्रमांक त्याच्याही काही महिने आधी गोठवले गेले. गोठवला जातो तो क्रमांक आणि त्याबरोबरची वागणूक. दुरुस्त्या येतच राहतात. गिंपमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं, तर डेबियनची सुरक्षा टीम नव्या आवृत्तीतून तेवढाच दुरुस्तीचा तुकडा उचलते आणि २.१० मध्ये बसवते.

खात्री करायची असेल तर 'ॲप्ट पॉलिसी गिंप' ही आज्ञा द्या (ॲप्ट म्हणजे पॅकेजं उतरवून बसवणारं साधन) आणि क्रमांकाचं शेपूट बघा. शेवटी '+डेब१२यू२' अशासारखं काही दिसलं, तर डेबियन १२ साठी त्या पॅकेजात दुसऱ्यांदा दुरुस्ती झाली आहे. पुढचा आकडा जुनाच राहतो, म्हणून वरवर बघणाऱ्याला पॅकेज जुनं वाटतं. फायरफॉक्स ईएसआर आणि क्रोमियम यांना अपवाद केलेला आहे. ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीला ठिगळं लावत बसणं झेपणारं नसतं, त्यामुळे ते स्थिर डेबियनमध्येही पूर्ण नव्या आवृत्तीनेच येतात.

खरा धोका निराळाच असतो. 'ॲप्ट अपडेट' चालवल्यावर येणाऱ्या ओळींत 'बुकवर्म-सिक्युरिटी' हा शब्द आहे का, ते तिन्ही संगणकांवर पाहा. तो नसेल तर सुरक्षा दुरुस्त्या वेळेवर येत नाहीत, असं समजा. सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची ते ॲप्टला सांगणाऱ्या फाइलींत, ती ओळ आधी घाला आणि दुरुस्त्या आपोआप बसवणारं 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे पॅकेज बसवा. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला ३ वर्षं नेहमीचा आणि पुढची २ वर्षं दीर्घकालीन, असा एकूण ५ वर्षं सुरक्षा आधार मिळतो. तेव्हा घाई नाही.

नवी आवृत्ती घ्यायची योग्य कारणं तीन. नवं हार्डवेअर, एखादी खरोखर लागणारी सोय किंवा फाइलचा प्रकार, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमची अट. तुमच्याकडे दुसरं कारण येऊ शकतं. ग्राहकाने गिंप ३ मध्ये केलेली फाइल २.१० मध्ये नीट उघडेलच असं नाही. त्यासाठी दादरच्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर डेबियन १३ टाकलं. बाकी सगळं चालतं, पण वाय-फाय दिसतच नाही. दुकानदार म्हणतो, लिनक्सवर चालणार नाही. (परळ)

चालण्याची शक्यता चांगली आहे. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलं, पण त्यातला कर्नल (हार्डवेअर चालवणारा प्रणालीचा गाभा) ६.१२ हा नोव्हेंबर २०२४ चा आहे. त्यानंतर बाजारात आलेली वाय-फाय चिप या कर्नलला बहुधा ठाऊक नसते.

वाय-फायला दोन गोष्टी लागतात. एक, कर्नलमधला ड्रायव्हर. दोन, चिपमध्ये भरायची फर्मवेअरची फाइल. कोणती कमी आहे हे आधी शोधा. 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा आणि 'नेटवर्क कंट्रोलर' असलेला भाग बघा. त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर कर्नलने चिप ओळखलेली नाही. ओळ आहे पण वाय-फाय नाही, असं असेल तर 'सुडो डीमेसग | ग्रेप -आय फर्मवेअर' चालवा. 'फेल्ड टू लोड' असं दिसलं की फर्मवेअर नाही किंवा जुनं आहे, असं समजायचं.

वाय-फाय नसताना हे सगळं उतरवायचं कसं? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. डेबियनला तो साधा वायर्ड नेटवर्कसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटावाली हवी. फक्त चार्जिंगची केबल लावून तासभर डोकं खाजवणारे बरेच असतात.

आता बॅकपोर्ट्स. पुढच्या आवृत्तीसाठी, म्हणजे डेबियन १४ फोर्कीसाठी तयार झालेली काही पॅकेजं घेऊन ती ट्रिक्सीवर, ट्रिक्सीच्याच लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते भाग) वापरून पुन्हा बांधली जातात. तीच बॅकपोर्ट्स रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं कोठार. प्रोग्रॅम नवा असतो, पण तो उभा असतो तुमच्याच जुन्या पायावर. स्थिर डेबियनवर नवं काही हवं असेल तेव्हा पहिल्यांदा इथेच बघावं, असं आमचं ठाम मत आहे.

'/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/' या फोल्डरमध्ये 'बॅकपोर्ट्स.सोर्सेस' नावाची फाइल करा आणि त्यात या पाच ओळी लिहा:

टाइप्स: डेब
यूआरआयज: एचटीटीपीएस://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन
सूट्स: ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स
कंपोनंट्स: मेन नॉन-फ्री-फर्मवेअर
साइन्ड-बाय: /यूएसआर/शेअर/कीरिंग्ज/डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग.जीपीजी

फाइलच्या नावाच्या शेवटी 'सोर्सेस' हेच हवं. दुसरं काही लिहिलं तर ॲप्ट ती फाइल वगळून पुढे जातं. 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विसरलात तर कर्नल मिळेल, पण वाय-फाय तरीही चालणार नाही. डेबियन १२ पासून फर्मवेअरला हा वेगळा कप्पा केलेला आहे.

'सुडो ॲप्ट अपडेट' झाल्यावर लगेच 'ॲप्ट पॉलिसी लिनक्स-इमेज-एएमडी६४' चालवा. ट्रिक्सीच्या ओळीपुढे ५०० आणि बॅकपोर्ट्सच्या ओळीपुढे १०० दिसेल. हे अग्रक्रमाचे आकडे आहेत. आकडा मोठा तो जिंकतो, मग दुसऱ्याची आवृत्ती कितीही नवी असो. म्हणून ही फाइल घातल्याने आपोआप काहीच बदलत नाही. नाव घेऊन मागाल तेवढंच येतं. आणि एकदा घेतलेलं पॅकेज पुढे बॅकपोर्ट्समधूनच अद्ययावत होत राहतं.

मागायचं असं. आधी कोरडी तालीम: 'सुडो ॲप्ट -एस इन्स्टॉल -टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स लिनक्स-इमेज-एएमडी६४ फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय'. शेवटचं नाव इंटेलच्या चिपसाठी आहे. रिअलटेक असेल तर 'फर्मवेअर-रिअलटेक'. '-एस' मुळे प्रत्यक्षात काही बसत नाही, फक्त यादी दिसते. डेबियन १३ मधलं ॲप्ट काढून टाकायची पॅकेजं लाल रंगात दाखवतं. लाल काही नसेल तर '-एस' काढून तीच आज्ञा पुन्हा द्या.

'-टी' मध्ये एक खोच आहे. ती लावली की त्या आज्ञेपुरता बॅकपोर्ट्सचा आकडा ९९० होतो, म्हणजे मुख्य पॅकेजबरोबर त्याच्या डिपेंडन्सीही (त्याला लागणारी इतर पॅकेजं) शक्य तिथे बॅकपोर्ट्समधून येतात. कर्नलला त्याने फरक पडत नाही. मोठ्या प्रोग्रॅमसाठी मात्र '-टी' ऐवजी पॅकेजच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन 'ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स' लिहा. मग ते पॅकेज आणि त्याला अगदी अपरिहार्य असेल तेवढंच नवं येतं.

लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनाने) बसवला असेल, तर 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' सुद्धा त्याच आज्ञेत बॅकपोर्ट्समधून घ्या. हेडर्स नसले तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलं जात नाही आणि पुढच्या बूटला काळा पडदा दिसतो. हेडर्स असूनही कधी कधी ड्रायव्हर जुना आणि कर्नल फार नवा, म्हणून बांधणी फसते. तसं झालं तर ग्रबमध्ये (संगणक सुरू होताना येणाऱ्या मेन्यूत) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून ६.१२ निवडा. म्हणूनच जुना कर्नल काढून टाकू नका. सिक्युअर बूट (सही नसलेला कर्नल चालू न देणारी सोय) चालू असेल तरी बॅकपोर्ट्सचा कर्नल सही केलेला असल्याने चालतो. डीकेएमएसच्या मॉड्यूलसाठी मात्र आपली किल्ली 'मॉकयुटिल' ने नोंदवावी लागते.

प्रश्न : डेबियन १२ वर नवं गिंप हवं होतं म्हणून सोर्सेस.लिस्टमध्ये ट्रिक्सीची ओळ घातली. लिबसी६ बदलू का असं विचारलं, मी वाय दाबलं. आता काहीही इन्स्टॉल करायला गेलं की 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' येतं. सगळं पुसून नव्याने टाकू का? (विलेपार्ले)

पुसायची गरज नाही, पण झालं काय ते समजून घ्या.

लिबसी६ म्हणजे जीलिबसी, सिस्टीमवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जिच्यावर उभा आहे ती लायब्ररी. बुकवर्ममध्ये ती २.३६ आहे, ट्रिक्सीत २.४१. ट्रिक्सीवर बांधलेल्या प्रोग्रॅमला बहुधा नवी लिबसीच लागते, म्हणून तुम्ही मागितलं गिंप आणि हलला पाया. त्यात ट्रिक्सीत आणखी एक मोठा बदल झाला. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते. ती अडचण सोडवताना शेकडो लायब्ररींची नावंच बदलली आणि शेवटी 'टी६४' लागलं. उदाहरणार्थ 'लिबग्लिब२.०-०' ची 'लिबग्लिब२.०-०टी६४' झाली. तुमचा संगणक ६४ बिटांचा असला तरी नावं बदललीच. जुनं नाव काढून नवं आणायचं म्हटलं की त्याच्याशी जोडलेली दहा पॅकेजं हलतात. बुकवर्म आणि ट्रिक्सीची मिसळ इतरांपेक्षा जास्त चिघळते ती यामुळे.

तो संदेशही फसवा आहे. कुणी काही धरून ठेवलेलं नसतं. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' चालवा, यादी रिकामीच येईल. तुम्ही मागितलेलं आणि आत्ता बसलेलं एकत्र नांदू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरी माहिती त्याच्या वरच्या ओळीत असते: कुणाला काय हवं आणि प्रत्यक्षात कोणतं बसणार आहे.

आता किती बिघडलंय ते पाहा. '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग' उघडा. त्या दिवशी कोणतं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलं, याची तारीख-वेळेसह नोंद त्यात आहे. मग 'ॲप्ट पॉलिसी लिबसी६' चालवा. तीन चांदण्या ज्या आवृत्तीपुढे आहेत ती बसलेली आवृत्ती.

चांदण्या २.३६ पुढे असत्या, तर ट्रिक्सीची ओळ काढून हिस्टरीतल्या चार-पाच पॅकेजांना एकेक करून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि नावापुढे '/बुकवर्म' लिहून परत आणता आलं असतं. तुम्ही वाय दाबलंय, म्हणजे त्या २.४१ पुढे असणार. अशा वेळी लिबसी मागे न्यायच्या फंदात पडू नका. ते आगीतून फुफाट्यात जाणं आहे. मधेच गाडं अडलं तर ॲप्ट आणि डीपीकेजीसुद्धा चालेनासे होतात, कारण तेही लिबसीवरच उभे आहेत. १००१ चा पिन (म्हणजे हाताने ठरवलेला अग्रक्रम) लावून मागे जा, असे सल्ले सर्रास मिळतात. डेबियन मागे जाण्याला अधिकृत आधार देत नाही.

तुमच्या बाबतीत सोपी वाट पुढची आहे. ट्रिक्सी आता स्वतःच स्थिर आवृत्ती आहे. अर्धवट झालेलं स्थलांतर पूर्ण करा.

सुरुवातीला 'युनेम -एम'. उत्तर 'एक्स८६_६४' आलं तर पुढे जा. 'आय६८६' आलं तर थांबा, कारण ट्रिक्सीत ३२ बिटी संगणकांसाठी कर्नल नाही. होम आणि '/ईटीसी' यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. 'डीएफ -एच' ने जागा बघा. '/बूट' वेगळं विभाजन असेल तर त्यात साधारण ३०० एमबी मोकळे हवेत. सोर्सेसमधला 'बुकवर्म' हा शब्द प्रत्येक ठिकाणी 'ट्रिक्सी' करा. 'बुकवर्म-सिक्युरिटी' आणि 'बुकवर्म-अपडेट्स' हेही त्यात आले, आणि घोडं बहुतेकदा इथेच पेंड खातं. बाहेरच्या रेपॉझिटरी तात्पुरत्या बंद ठेवा. मग ओळीने: 'सुडो ॲप्ट अपडेट', 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', 'सुडो ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज', आणि 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड'. हे सगळं कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मिळणाऱ्या काळ्या कन्सोलवर करा. डेस्कटॉपच्या खिडकीत करत असताना डेस्कटॉपच बदलला जाऊन खिडकी बंद पडू शकते. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या.

फायदा असा की ट्रिक्सीत गिंप ३.० आहेच.

एक इशारा सगळ्यांसाठी. सोर्सेसमध्ये 'स्टेबल' किंवा 'टेस्टिंग' असे शब्द लिहू नका, नेहमी सांकेतिक नाव लिहा. ९ ऑगस्ट २०२५ ला ज्यांच्या फाइलीत 'स्टेबल' होतं त्यांचा बुकवर्म काही न करता ट्रिक्सीच्या वाटेला लागला, आणि 'टेस्टिंग' लिहिणारे फोर्कीच्या.

प्रश्न : डीटीपीच्या कामाला डेबियन १२ ठेवायचंय, पण गिंप ३ हवंच. फ्लॅटपॅक घ्यावं का? मराठी फाँट चालतील का? (दादर)

हो, डेस्कटॉपच्या मोठ्या प्रोग्रॅमसाठी फ्लॅटपॅक चांगलं. ते आपल्या लायब्ररी स्वतःबरोबर आणतं, त्यामुळे सिस्टीमच्या पॅकेजांना हातही लागत नाही. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्लॅटपॅक', मग 'फ्लॅटपॅक रिमोट-ॲड --इफ-नॉट-एग्झिस्ट्स' लिहून फ्लॅटहब (फ्लॅटपॅकचं कोठार) हे नाव आणि फ्लॅटहबच्या संकेतस्थळावर दिलेला पत्ता, मग 'फ्लॅटपॅक इन्स्टॉल फ्लॅटहब ऑर्ग.गिंप.गिंप'. इथे कॅपिटल अक्षरांना महत्त्व आहे: शेवटचा 'गिंप' पूर्ण कॅपिटलमध्ये. एकदा लॉग आउट होऊन परत या, नाहीतर मेन्यूत चिन्ह दिसत नाही.

पहिल्या वेळी रनटाइमसकट (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींच्या संचासकट) बरंच मोठं डाउनलोड होतं, डिस्कवर दोन-तीन जीबी मोकळे ठेवा. त्याच रनटाइमवरचा दुसरा प्रोग्रॅम घेतला की तेवढं पुन्हा उतरत नाही.

सिस्टीमवर बसवलेले आणि तुमच्या होममधल्या '.लोकल/शेअर/फाँट्स' मध्ये ठेवलेले देवनागरी फाँट फ्लॅटपॅकमधल्या प्रोग्रॅमला दिसतात. दुसऱ्याच एखाद्या फोल्डरमधून फाँट जोडले असतील तर ते दिसणार नाहीत. फाँट नवीन टाकल्यावर प्रोग्रॅम बंद करून उघडा. जोडाक्षरं तुटत असतील तर दोष फ्लॅटपॅकचा नसून बहुधा फाँट जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचा आहे.

ॲप्टने फ्लॅटपॅक अद्ययावत होत नाही, हे लक्षात असू द्या. आठवड्यातून एकदा 'फ्लॅटपॅक अपडेट' आणि महिन्यातून एकदा 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड'. दुसरी आज्ञा विसरलात की जुने रनटाइम साठत जाऊन डिस्क भरते.

प्रश्न : पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने) काही इन्स्टॉल केलं की 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' अशी चूक येते. इंटरनेटवर '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' लावा असं सांगतात. (गोरेगाव)

लावू नका, नावातच सगळं आलं. डेबियनचे स्वतःचे काही प्रोग्रॅम सिस्टीमच्या पायथनवर चालतात. पिपने त्यांच्या लायब्ररीवर नवी लायब्ररी झाकली की ते बंद पडतात, आणि ॲप्टला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून डेबियन १२ पासून हा अडसर घातला आहे.

त्याऐवजी व्हेन्व्ह, म्हणजे प्रकल्पापुरतं वेगळं पायथन वापरा. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह' करा. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह', मग 'सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट', आणि आता पिप हवं तसं वापरा. बिघडलं तर '.व्हेन्व्ह' फोल्डर पुसून टाकायचा, सिस्टीमला धक्का नाही. आज्ञेसारखा वापरायचा एखादा प्रोग्रॅम असेल तर 'पिपएक्स' घ्या. आणि '/यूएसआर/बिन/पायथन३' ही जोडणी दुसऱ्या पायथनकडे कधीही वळवू नका.

प्रश्न : कार्यालयातल्या डेबियन १२ सर्व्हरवर पोस्टग्रेस (विदा साठवणारा डेटाबेस) १५ आहे. नव्या ॲपला १७ हवं. सर्व्हर बदलता येणार नाही. (अंधेरी)

पोस्टग्रेसवाले स्वतः डेबियनच्या प्रत्येक चालू आवृत्तीसाठी वेगळी पॅकेजं बांधून देतात. बाहेरची रेपॉझिटरी घ्यायची ती अशी असावी: मूळ प्रकल्पाची, आणि तुमच्या सांकेतिक नावासाठी बांधलेली. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन' केल्यावर '/यूएसआर/शेअर/पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन/पीजीडीजी/' मध्ये 'ॲप्ट.पोस्टग्रेसक्यूएल.ऑर्ग.एसएच' ही स्क्रिप्ट मिळते. ती सुडोने चालवा. किल्ली (पॅकेजांची सही तपासायला लागणारी) आणि सोर्सेसची ओळ ती स्वतः घालते.

मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेसक्यूएल-१७'. याने १५ पुसलं जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात: १५ नेहमीच्या ५४३२ पोर्टवर, १७ पुढच्या मोकळ्या, बहुधा ५४३३ वर. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' ने दोन्ही दिसतील.

विदा हलवताना बरेच जण एका ठिकाणी अडकतात. १७ बसवताना 'मेन' नावाचा रिकामा क्लस्टर (विदेचा साठा) आपोआप तयार झालेला असतो, त्यामुळे अपग्रेडची आज्ञा नकार देते. आधी 'सुडो पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १७ मेन'. या ओळीत १७ च्या जागी चुकून १५ लिहिलं तर तुमची सगळी विदा जाईल. एंटर दाबण्याआधी दोनदा वाचा आणि त्याही आधी 'पीजी_डंपऑल' ने प्रत काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवा. मग 'सुडो पीजी_अपग्रेडक्लस्टर १५ मेन'. नेहमीच्या पद्धतीत ही आज्ञा विदा उतरवून पुन्हा भरते, म्हणून डिस्कवर आहे तेवढीच जागा आणखी लागते आणि तेवढा वेळ सेवा बंद राहते. रविवारी करा. झाल्यावर १७ ला ५४३२ मिळतं, आणि १५ बंद अवस्थेत दुसऱ्या पोर्टवर जपून ठेवलं जातं. आठवडाभर ॲप नीट चालल्यावरच ते काढा.

इतर बाहेरच्या रेपॉझिटरींबद्दल : किल्ली '/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज' मध्ये ठेवा आणि सोर्सेसमध्ये 'साइन्ड-बाय' ने तिच्याशी बांधा. जुन्या लेखांतलं 'ॲप्ट-की ॲड' डेबियन १३ मधून गेलंच आहे. त्याने ती किल्ली सगळ्याच रेपॉझिटरींसाठी विश्वासाची ठरायची. बाहेरच्या रेपॉझिटरीचा अग्रक्रमही डेबियनइतकाच ५०० असतो. तिथे एखाद्या लायब्ररीचा मोठा आकडा ठेवलेला असेल, तर पुढच्या अपग्रेडला तुमची लायब्ररी न विचारता बदलेल. त्यामुळे ओळ घातल्यावर लगेच 'ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल' बघायची सवय लावा. अनोळखी नावं दिसली तर '/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी/' मध्ये पिन लिहून त्या रेपॉझिटरीला १०० आणि फक्त हव्या त्या पॅकेजला ५०० द्या.

प्रश्न : मला हवं असलेलं छोटं पॅकेज बॅकपोर्ट्समध्ये नाही, फ्लॅटपॅकही नाही. स्वतः बांधता येईल का? (मुलुंड)

येईल, आणि 'मेक इन्स्टॉल' पेक्षा हे कितीतरी स्वच्छ. 'मेक इन्स्टॉल' हे '/यूएसआर/लोकल' मध्ये फाइली पसरतं आणि ॲप्टला त्यांची नोंद नसते.

तुमच्याकडे डेबियन १३ आहे असं धरून सांगतो. सोर्सेसमध्ये फोर्कीची ओळ घाला, पण 'टाइप्स' समोर फक्त 'डेब-एसआरसी' लिहा. 'डेब' अजिबात नको, मग तयार पॅकेज चुकून यायचा प्रश्नच नाही. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल डेवस्क्रिप्ट्स बिल्ड-इसेन्शियल'. एका रिकाम्या फोल्डरमध्ये 'ॲप्ट सोर्स' आणि पॅकेजच्या नावापुढे '/फोर्की'. तयार झालेल्या फोल्डरमध्ये जाऊन 'सुडो ॲप्ट बिल्ड-डेप .' (शेवटचा ठिपका धरून), 'डीसीएच --बीपीओ', आणि 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज -बी -यूएस -यूसी'. वरच्या फोल्डरमध्ये डेब फाइल येते. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./' आणि तिचं नाव.

'डीसीएच --बीपीओ' क्रमांकाच्या शेवटी '~बीपीओ१३+१' लावतं. ही नागमोडी रेघ महत्त्वाची. डेबियनच्या हिशेबात ती 'काहीच नाही' पेक्षाही लहान असते, म्हणून २.०~बीपीओ१३+१ हे २.० पेक्षा लहान ठरतं. उद्या तुम्ही फोर्कीवर गेलात की तिथलं अधिकृत २.० तुमच्या पॅकेजची जागा आपोआप घेतं. ही रेघ न लावता बांधलेली पॅकेजं पुढच्या स्थलांतरात खोळंबा करतात.

'बिल्ड-डेप' ट्रिक्सीत नसलेल्या नव्या लायब्ररी मागायला लागलं, तर एखादी लायब्ररी आधी अशीच बांधून घ्या. तिसऱ्या लायब्ररीपर्यंत पोचलात की थांबा. त्यापुढे तुम्ही पॅकेज बांधत नसता, पायाच बदलत असता. आणि अशा पॅकेजला सुरक्षा दुरुस्त्या कुणी पाठवणार नाही. मूळ प्रकल्पाच्या घोषणा बघत राहणं आणि पुन्हा बांधणं तुमच्याकडे. इंटरनेटला थेट जोडलेल्या सेवेसाठी हा मार्ग आम्ही सुचवत नाही.

प्रश्न : उबुंटू २४.०४ वर पीपीए घातले तर चालतात का? आणि एक पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर थांबवायचंय. (घाटकोपर)

पीपीए, म्हणजे उबुंटूसाठीची खासगी रेपॉझिटरी, कुणीही उघडू शकतं, उबुंटू त्यातली पॅकेजं तपासत नाही. मूळ प्रकल्पाचा असेल तरच घ्या. आवृत्ती बदलताना उबुंटू पीपीए बंद करतं, पण त्यातून आलेली पॅकेजं तशीच राहतात. त्याआधी 'पीपीए-पर्ज' ने ती मागे न्या. फक्त नव्या हार्डवेअरसाठी कर्नल हवा असेल तर पीपीए लागतच नाही, 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' हे अधिकृत पॅकेज पुरतं.

पॅकेज थांबवायला 'सुडो ॲप्ट-मार्क होल्ड' आणि त्याचं नाव, सोडायला 'अनहोल्ड'. थांबवलेल्या पॅकेजला सुरक्षा दुरुस्त्याही मिळत नाहीत, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' बघा.